पाच-तीन-दोनचा तिसरा भिडू

विलायतेतल्या हॅरोच्या गिरीश नेन्यांना शांतता सोसत नसे. घरात कुणी बोलेनासं झालं की ते केटलशी बोलत. तीही बंद पडली की वॉशिंग मशीनवर चिकटवलेल्या स्वतःच्याच सूचना मोठ्यानं वाचत. बायको ऋजुता लेकीकडे ग्लासगोला गेली आणि घर खायला उठलं. म्हणून २००६च्या जुलैत त्यांनी एका संस्थेकडून दोन पाहुणे मागून घेतले. हैफाचा इताय इस्रायली, नाब्लुसचा वसीम पॅलेस्टिनी. दोघेही सोळा वर्षांचे. पंधरा दिवस एका घरात राहून त्यांनी मैत्री करावी, असा संस्थेचा बेत.

नेन्यांनी पहिल्याच संध्याकाळी पत्ते काढून पाच-तीन-दोन शिकवलं. डाव तिघांचाच, एक उठला की संपलं. पाच, तीन किंवा दोन हात करायची पाळी आलटूनपालटून येते आणि पाचवाला हुकूम बोलतो. ज्याचे हात कमी पडतील, त्याची पानं पुढच्या डावात जास्त हातवाल्यानं न बघता ओढायची आणि आपल्याला नकोशी पानं त्याला परत द्यायची. ही लुटालूट पोरांना भलतीच आवडली. दोघं मिळून नेन्यांनाच लुटत आणि "अंकल, रडू नका!" म्हणून वर टाळ्या देत.

आठव्या दिवशी तिकडे इस्रायलच्या उत्तर सीमेवर युद्ध पेटलं. हैफावर रॉकेटं पडली. इतायची आई तळघरात, भाऊ सैन्यात.

नाश्त्याला वसीमनं विचारलं, "तुझा भाऊ असतो कुठे? आमच्या गावच्या लष्करी नाक्यावर?"

"असला तर?"

बस. दिवसभर घरात शब्द नाही. नेन्यांनी पोहे केले, विनोद केले; दोन्ही थंड झाले. दुपारी इतायनं संस्थेला फोन केला: मला दुसऱ्या घरी न्या. सहाला संस्थेची कार्यकर्ती भावना गाडी घेऊन येणार होती.

साडेपाचला बॅग जिन्याशी आली. काही सुचेना, तेव्हा नेन्यांनी सवयीनं तिघांची पानं वाटली.

"अंकल, आता नको," इताय म्हणाला.

वसीमनं मात्र आपली पानं उचलली. "काल माझे दोन हात कमी पडले. तू माझी दोन पानं ओढायची राहिलीत."

"राहू दे."

"घरी जाऊन सांगशील, वसीम डाव सोडून पळाला."

"पळतोय तर मी!" इताय ओरडला.

नेन्यांनी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा, काही न बोलता मिटलं.

इताय टेबलाशी आला. वसीमनं पानं पुढे धरली. इतायनं एक ओढलं, चौकटची अठ्ठी. दुसरं ओढलं, इस्पिकचा एक्का. अठ्ठी त्यानं परत दिली. मग एक्काही.

"चुकलास," वसीम म्हणाला. "नको असलेलं पान द्यायचं असतं."

"माहितीय." इताय बसला. "भाऊ आता उत्तरेला आहे. गेल्या वर्षी तुमच्याच नाक्यावर होता."

वसीमनं एक्का आपल्या पानांत खोचला. त्यानं पानं खाली ठेवली नाहीत, एवढंच नेन्यांना दिसत होतं.

दारावरची बेल वाजली. कुणी हललं नाही. परत वाजली.

"या डावाला पाच तुझे," वसीम म्हणाला. आवाज कोरडा होता. "हुकूम बोल."

"इस्पिक."

नेने जागेवरूनच दाराच्या दिशेनं गरजले, "भावना, बाहेरच थांब! डाव चालू आहे!"