लाल चिंधीचे धांडे

मुंजाभाऊ गेला हे मला अंबडच्या मोटार स्टँडवर कळलं, तवा माझ्या तोंडात कापसाचा बोळा व्हता. दाढ उपटायला गेल्तो. दाढवाल्यानं बजावलं व्हतं, घरी जाईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. म्या जल्माचा बडबड्या, मुक्यानं बसायची सवय न्हाई, म्हणून स्टँडवरच्या कुत्र्याला हातवारे करून राह्यलो व्हतो. तेवढ्यात आमच्या गावचा एक जण एस्टीतून उतरला आन् म्हणला, "नामा, तू हितं हाय व्हय? चल जल्दी. मुंजाभाऊ गेला. सकाळी वावरात बांधाला टेकून बसला, तो बसलाच." म्या नुसतं "आँ" केलं. गाल टरबुजावानी फुगलेला, डोळ्यांतून दाढेचं पाणी चाललेलं. गावात उतरलो तर बायका एकमेकींना म्हणल्या, "बघा गं, शेजारी असावा तर असा. रडून रडून तोंड सुजलं बिचाऱ्याचं." खरं सांगतो, तवर म्या एक टिपूसबी गाळलं नव्हतं. जल्मभर गावाला हसवलं, पण कोणी इज्जत दिली न्हाई. ती त्या दिवशी किडक्या दाढेनं दिली.

मला लिहिता येत न्हाई. म्या बोलतो आन् सूनबाई लिहून घेती. ती म्हणती, मामा, मेलेल्या माणसाचं चांगलं सांगावं. आता मुंजाभाऊचं चांगलं सांगायचं म्हंजी माझं वाईट सांगणं आलंच, कारण आमचा धुऱ्याला धुरा, बांधाला बांध व्हता. त्याचं वावर बघितलं की माझं वावर आपोआप दिसायचं. जाणारा-येणारा बांधावर थांबून इचारायचा, "हिकडचं वावर कोणाचं? पडीक हाय का?" तवा म्या तिथंच नांगर धरून उभा असायचो.

आमच्याकडं रब्बीला शाळू, म्हंजी ज्वारी, पेरतात. दसऱ्याच्या आगंमागं पेरायचा, फागणात काढायचा. जुना शाळू, त्याला दगडी म्हणतात, मोत्यावानी पांढरा. भाकर केली तर दुसऱ्या दिवशीबी मऊ. पण मधल्या सालांत हायब्रीडचं वारं आलं आन् समद्या गावानं बी बदललं. पहिला मीच. म्या तर उडी मारूनच बदललं. पीक बख्खळ आलं, पण भाकर अशी, की तिच्यानं वहाणंला तळ लावावा. माझ्या बैलानं तो कडबा हुंगला आन् सासरा नालायक जावयाकडं बघतो तसं माझ्याकडं पाह्यलं. गावात जुना शाळू राह्यला तो एकट्या मुंजाभाऊच्या वावरात. दर साली तो त्यातली कणसं निवडायचा, जुड्या बांधायचा आन् घरात चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. धुरानं किडा लागत न्हाई. पुढच्या साली तेच पेरायचा. त्याच्या बापानंबी तेच केलं, आज्यानंबी तेच. निवडायला मातर तो एकटा जायचा, दिवस उगवायच्या आत, दहिवर अंगावर घेत. बियाण्यावर तिसऱ्याची नजर पडू नये म्हणायचा. "माझी नजर कशी हाय?" म्या एकदा इचारलं. तर म्हणला, "तुझ्या वावराकडं बघ."

बहात्तरच्या दुष्काळात त्या जुड्यांनी आमची झोप घालवली. समदे खडी फोडायला जायचो आन् लाल मिलो, ती सरकारनं वाटलेली परदेशी ज्वारी, खायचो. मुंजाभाऊची माय, मथुरामाय, तवा अंथरुणाला लागली व्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका दुपारी म्या तिथं बसलो व्हतो. ती म्हणली, "मुंजा, आता म्या काय राहत न्हाई. एक पांढरी भाकर दे रं बाबा, आपल्या शाळूची." वर आढ्याला चार जुड्या लोंबत व्हत्या. मुंजाभाऊनं वर पाह्यलं... काशीवहिनीनं, त्याच्या बायकोनं, त्याच्याकडं पाह्यलं... म्या पायाच्या अंगठ्याकडं पाह्यलं. "करतो माय," म्हणून तो उठला आन् मिलोची भाकर चुलीवर गरम करून मायच्या हातात दिली. तिनं बोटानं चाचपली, हुंगली. म्हणली, "ही आपली न्हाई." हा म्हणला, "आपलीच हाय." ती म्हणली, "बरं." अर्धी खाल्ली. पाऊस पडायच्या आधीच ती गेली.

गावानं त्याला दगड म्हणलं. पुढं पाणी पडलं तवा त्यानं त्या चार जुड्या पेरल्या. लई दिवसांनी म्या चेष्टा केली, कारण चेष्टा केल्याबिगर माझं अन्न पचत न्हाई. म्हणलं, "मुंजाभाऊ, तू मेला की तुलाबी आढ्यालाच टांगू." तो हसला न्हाई. म्हणला, "मला जाळ बिनधास्त. ते जळू देऊ नको." मला वाटलं, भारी बोलला. मंग म्या दुसरी चेष्टा केली.

औंदाचं साल पहिल्यापासून वंगाळ. पौषात थंडी पडायच्या टायमाला आभाळ आलं आन् हलेचना. शाळूवर चिकटा पडला. पानं अशी, जसा कोणी गुळाचा पाक वतला. माणूस वावरातून गेला की कपडे अंगाला चिकटायचे. हरभऱ्याच्या घाट्यात अळी. माघात थंडी आलीच न्हाई, एकदम ऊन आलं. गहू भरायच्या आधी पिवळा पडला, दाणा बारीक, जिऱ्यावानी. आंब्याचा मोहर काळा पडून गळला. आन् फागण लागला तसा वारा बंद झाला. बिलकुल बंद. झाडाचं पान हलंना. दुपारी खालच्या अंगाला आभाळ चढायचं, काळं न्हाई, तांब्याच्या हंड्यावानी लाल, आन् दिवस मावळंस्तोवर तसंच लोंबून राह्यचं. मिठाच्या मडक्याला फागणात पाणी सुटलं. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या. गावात कोणी मोठ्यानं बोलंना. मलाबी चेष्टा सुचंना, तवा म्या वळखलं की काहीतरी इपरीत हाय.

दाढ उपटायला जायच्या आदल्या दिवशी मुंजाभाऊ बांधावर भेटला. छाती चोळत व्हता. म्हणला, "वारा कुठं गेला रं नामा?" म्या म्हणलं, "माझ्या पोटात हाय. सोडू का?" "हसू नको," तो म्हणला. "दाणा पिकलाय. आता वरून पाणी पडलं तर काळा पडंल, कणसातच कोंब फुटंल. खायाला चालंल एखाद्या टायमाला, पण बी राह्यचं न्हाई. आन् हे गेलं तर दुसरीकडून आणायला कुठंच न्हाई." म्या म्हणलं, "मंग काढून घे की." "दोन-चार दिवस," म्हणला, "दाणा अजून थोडा ओला हाय." ते दोन-चार दिवस त्याला भेटले न्हाईत.

त्याला जाळून आलो. पोरगा न्हाई, एक लेक, जाफराबादकडं दिलेली. ती आली, मायच्या गळ्यात पडली. घरात सुतक बसलं. वावरात शाळू उभाच. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ असं खाली आलं, की वाटलं हात वर केला तर बोटं बुडतील. आमच्यात सुतकातल्या घरी पिकाचं इचारत न्हाईत. चूल पेटली न्हाई, बाई भिंतीला टेकून बसलेली, तिथं जाऊन 'वहिनी, काढू का शाळू' म्हणायचं कसं? म्हणून न इचारताच गेलो. पुढारी कोण? मीच. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझं ऐकलं. म्या वरडलो, "धांडे राहू द्या उभे! कडबा भिजला तर भिजू द्या! नुसती कणसं खुडा!" बाया, माणसं, समदे घुसले. मधी मधी काही धांड्यांना कमरंइतक्या उंचीवर लाल चिंध्या बांधलेल्या, बांधावरून कव्हा दिसल्या नव्हत्या. काशीवहिनीच्या जुन्या लुगड्याच्या. म्या म्हणलं, "बघा, चिमण्या हाकलायला बायकोचं लुगडं फाडलं पठ्ठ्यानं! चिमण्या काय, वहिनी बघून मीबी पळतो!" समदे हसले. हसत हसत खुडलं. शेवटची वळ रिकामी झाली, ढिगावर ताडपत्री वढली, वर दगडं ठुली, तवर पहिली गार माझ्याच टाळक्यात बसली. दुसरीकडं कुठं बसणार?

लिंबायेवढ्या गारा. पत्र्यावर असा आवाज, जसं कोणी खडी वततंय. थांबलं तवा वावरं पांढरी झालती. माझा गहू पार झोपला. धन्याच्या वळणावर गेला, दिवसाढवळ्या झोपायच्या. बाकीच्यांचाबी तसाच. पण मुंजाभाऊचा शाळू, एकूण एक कणीस, कोरडा ठणठणीत.

सकाळी म्या छाती फुगवून त्याच्या दारात गेलो. बाहेरूनच सांगितलं, "वहिनी, काळजी करू नका. एकबी कणीस भिजू दिलं न्हाई." ती अंधारात बसलेली. डोकं वर केलं न्हाई. म्हणली, "चिंधीची कुठं ठुली, भावजी?"

"कसल्या चिंधीची?"

"चिंधी बांधलेल्या धांड्यांची. ती बियाण्याची व्हती. महिनाभर बघून बघून बांधली त्यांनी. कोणावर चिकटा पडला न्हाई, कोण पाण्याबिगर तग धरून राह्यला, कोण वाकला न्हाई... येगळी ठुली का न्हाई?"

म्या म्हणलं, "वहिनी, ढिगात समदी चांगलीच कणसं हाईत. पाह्यजे तेवढी काढा."

"कणसं समदी चांगलीच दिसत्यात भावजी," ती म्हणली. "धांडा बघायचा असतो."

माझ्या तोंडात तवा बोळा नव्हता. तरी म्या दाराला धरून नुसता उभा राह्यलो. कणसं ढिगात, चिंध्या धांड्यावर.

दहावा झाला त्याच दिवशी ती वावरात गेली. म्या मागून, कुत्र्यावानी, चार पावलं सोडून. गारांनी धांडे मोडलेले, पानांच्या फाटून दोऱ्या झालेल्या, समदं वावर बिनमुंडक्याचं. आन् त्यात त्या लाल चिंध्या. वारा आता सुटलता, मेला, काम झाल्यावर... त्या फडफडत व्हत्या. ती एकेका धांड्यापाशी थांबायची. हातानं चाचपायची. "हा बघा, कसा जाड." पुढं जायची. "हा बघा, ह्याच्यावर चिकट्याचा डागबी न्हाई." आन् वर बघायची, तिथं कायच नसायचं. एकेक चिंधी सोडून तिनं वटीत घेतली. समदं वावर झालं तवा म्हणली, "तुमच्या हातानं खुडलं ना? कसं व्हतं काय आठवतं का?" म्या काय सांगू? म्या बाजारात सवताचा बैल वळखत न्हाई. एकदा दुसऱ्याचाच सोडून आणला व्हता, मार खाल्लाय.

मंग ती ढिगापाशी बसली. एकेक कणीस हातावर तोलायची, दाणा नखानं दाबायची, काही येगळी ठेवायची, परत ढिगात टाकायची, परत काढायची. मधीच हात थांबायचा आन् ती नुसतीच बसून राह्यची. लेक म्हणली, "आई, घे की कोणतीबी." तर म्हणली, "कोणतीबी खाऊन चालतं असतं, तर तुझी आजी मिलो खाऊन मेली नसती."

परवा तिच्या घरी गेल्तो. चैत लागला तरी रोज दुपारी आभाळ येतंच हाय. घरात धूर. चुलीवर आढ्याला जुड्या लटकून राह्यल्यात, त्याच लाल चिंध्यांनी बांधलेल्या. खाली तिनं माझ्यापुढं चहा ठुला. म्या वर बघत बसलो. बघायला अगदी तशाच, मुंजाभाऊनं टांगल्यावानी. पण त्यात त्यानं निवडलेलं एक तरी कणीस हाय का, का समदी चिकट्यानं खाल्लेल्या धांड्यांची हाईत, हे त्या धुराला ठाव आन् मुंजाभाऊला ठाव.

म्या इचारलं, "वहिनी, कव्हा कळंल?"

"पेरल्यावर," ती म्हणली. "उगवून, वाढून, पौषातल्या आभाळात उभं राह्यलं तर कळंल. न्हाई राह्यलं तर तेबी कळंल."

म्या म्हणलं, "मंग पौषापस्तोर मला मरता येत न्हाई."

ती हसली न्हाई. फुकणीनं चुलीत फुंकर मारली, धूर वर जुड्यांत गेला का बघितलं, आन् म्हणली, "मरा की. पण आधी पेरू लागा."