आबांचं ‘हाय’

मला कम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. कळायला लागलं ते बारा दिवसांत, आणि तेही रडतखडत. माझे वडील, म्हणजे आबा, आयुष्यभर ट्रक चालवत होते. कागलच्या एमआयडीसीतून लोखंडी माल भरायचा आणि घाट उतरून पोचवायचा. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. बारा दिवसांनंतरची तारीख दिली. आई देव्हाऱ्यासमोर बसली ती उठेचना. मी ठरवलं, बारा दिवसांत आबांचा आवाज साठवायचा. फोनवर नाही, फोनवर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. नीट माइक, नीट कम्प्युटर, सगळं नीट. त्या ‘नीट’नंच माझं वाटोळं केलं.

आबांचं म्हणणं वेगळंच. “बोलणं बंद झाल्यावर दिवसभर काय करू? भिंतीकडं बघत बसू? मला ती ट्रक चालवायची गेम पायजे.” शेजारच्यांकडं त्यांनी ती पाहिली होती. म्हणजे कम्प्युटरची पेटी एकच, कामं दोन, आणि आमच्याकडं चाळीस हजार. रेकॉर्डिंगला शांतता लागते. गेमला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि कार्ड आलं की त्याचे पंखे आले. आठवडाभर मी व्हिडिओ बघून याद्या करत बसले असते, पण आठवडा कुणाकडं होता?

शाहूपुरीतल्या दुकानात आबाही माझ्याबरोबर आले. दुकानदारानं “या पावणं, बसा” म्हणून त्यांना स्टूल दिलं. मी बोलायला लागले, “मला रेकॉर्डिंगसाठी हवं आहे, आवाज अजिबात न करणारं.” आबा गालातल्या गालात हसले.

“काय गं, जीभ इस्त्री करून आणलीस व्हय?”

खरंच होतं ते. आमच्या कळंब्यात बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, घरात मीही तेच म्हणते. पण दुकान दिसलं, ऑफिस दिसलं, की ‘मी आले’ सुरू. हे लिहितानाही बघा, आलेच म्हणतेय.

दुकानदारानं असा प्रोसेसर दाखवला, की कार्ड नसलं तरी स्क्रीनवर चित्र दिसेल. रॅमबद्दल म्हणाला, “ताई, आजच घ्या, उद्याच्या भावाचं मी सांगत न्हाय.” कार्ड नवं परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेलं काढलं. आबांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, “ह्याचं रनिंग किती झालंय?” दुकानातली पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दुकानदार म्हणाला, “रेकॉर्डिंग ठेवायला एक जुन्या पद्धतीची हार्डडिस्क पण टाका. स्वस्तात मोठी जागा मिळती.” त्यानं एक चालू करून दाखवली. मी कान लावला. आत काहीतरी करकरत होतं.

“नको. ही माइकमध्ये ऐकू येईल. फक्त ती आवाज न करणारी एसएसडी द्या.”

“असू दे की,” आबा म्हणाले. “स्टेपनी म्हणून. जादा चाक घेतल्याबिगर कोण गाडी बाहीर काढतंय?”

“आबा, तुम्ही गप्प बसा हो जरा.”

ज्या माणसाचा आवाज नऊ दिवसांत जाणार होता, त्याला मी भर दुकानात गप्प बसा म्हणाले. आणि ते बसले.

पेटी घरी आली, जोडून झाली, माइक लावला. हेडफोन घातले तर कानात नुसती घुंई. वापरलेल्या कार्डाचे पंखे. मी वेडीपिशी झाले. चार दुपारी नुसत्या टेस्ट. माइक इकडं, पेटी तिकडं, सेटिंग असं, सेटिंग तसं. आबा समोर बनियनवर बसलेले.

“चालू हाय का बंद हाय ही? घुंई घुंई कराय लागलीया नुसती. फोंडा घाटात माझी गाडी तापली तवा अस्संच करत हुती. दोन दिस तितंच पडून हुतो. गाडी सोडून जाता येतंय व्हय? वाटंवरल्या घरातली एक म्हातारी कुळथाची पिठी घिऊन यायची. लय तिखाट. डोळ्यातनं पाणी यायचं, ती म्हणायची, रडतोस कशाला बाबा, येईल की मेस्त्री…”

ते सांगत राहायचे आणि मी स्क्रीनवरच्या हिरव्या रेघा बघत राहायची. माणसाकडं बघितलंच नाही. फाइल ऐकायची, घुंई आली की पुसायची. वर कम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा करायची. आम्ही पडलो नीटनेटके.

पाच दिवस उरले तेव्हा मी कार्डच उपटून काढलं. पेटी लांब वायरीनं स्वयंपाकघरात नेली, खिडकीला गादी लावली. शांत. मी आबांना हाक मारली. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून आले. आज खरं रेकॉर्डिंग, हे त्यांना आईकडून कळलं होतं. खुर्चीत ताठ बसले.

“नमस्कार. मी आपणासमोर माझ्या जीवनाविषयी दोन शब्द बोलणार आहे. आमची परिस्थिती गरिबीची होती, परंतु आम्ही समाधानी होतो.”

माइकसमोर नीट बोलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी अंगठा वर करून दाखवला. घुंई नव्हती. मला तेवढंच ऐकू येत होतं.

फाइली फोनवर घेतल्या होत्या. ऑपरेशन सुरू झालं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून हेडफोन लावले. एक फाइल ऐकली, दुसरी ऐकली. आहे. नाही. परंतु. त्याचप्रमाणे. सगळ्या फाइली पालथ्या घातल्या, एक ‘हाय’ नाही, एक ‘न्हाय’ नाही. आत टेबलावर माझा बाप होता, आणि कानात कुठल्यातरी सभेचा पाहुणा बोलत होता. बनियनवरचे आबा मी स्वतःच्या बोटानं पुसले होते.

दुसऱ्या दिवशी पेटी रिक्षात घालून शाहूपुरीत नेली. दुकानदारानं बराच वेळ प्रयत्न केला. मग मान हलवली. “ताई, एसएसडीतनं पुसलं की गेलंच समजा. हार्डडिस्क असती तर कायतरी खरवडून काढलं असतं.” मी काउंटरवर डोकं ठेवून रडले. लोक बघत होते. बघू देत.

आबा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर पट्टी. दवाखान्यात त्यांनी पाटीवर एकेक शब्दच लिहिला होता: पाणी. चहा. घरी. मी कार्ड परत बसवलं, गेम लावून दिली. मांडीवर पाटी ठेवून ते कीबोर्डच्या बाणांवर ट्रक चालवायला लागले. पेटी घुंई घुंई करत होती आणि खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. मला ते सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. पुसलेलं, आहे-नाहीचं, स्टेपनीचं.

“आबा, मी तुमचा आवाज घालवला.”

त्यांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, ब्रेक लावला. खडू शोधला. सावकाश लिहून पाटी माझ्याकडं वळवली.

मी हाय की.

फोटो काढावा म्हणून मी फोन आणायला धावले. येईपर्यंत त्यांनी बाहीनं पाटी पुसली होती, आणि गाडी पुन्हा घाटाला लावली होती.