दीडशे रुपयांची दुरुस्ती

सुरतजवळ पलसाण्याच्या हायवेलगत कापड रंगवायची एक मिल आहे. तिथे वाल्मिक सोनवणे एकोणीस वर्षं पाळीचा रिपोर्ट लिहीत होता. मूळचा पारोळ्याकडचा, राहायला उधन्यात. कोणत्या मशीनवर किती मीटर निघालं, कोणता लॉट बिघडला, कशाने बिघडला, हे तो माणसाजवळ उभा राहून विचारायचा. खान्देशातले कारागीर त्याच्याशी अहिराणीत बोलायचे. कोण काय बोलायचं टाळतोय, हेही त्याला चेहऱ्यावरून कळायचं. त्याचा कागद कधी खोटा पडला नाही.

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने अट घातली, की प्रत्येक लॉटची नोंद ब्लॉकचेनवर हवी, म्हणजे एकदा चढवलेली नोंद कुणालाच पुसता येणार नाही. मालकाच्या मुलाने, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणत, त्यासोबत एक चॅटबॉटही आणला. कारागिराने मोबाइलवर बोलायचं, बॉटने ते लिहून घेऊन थेट वर चढवायचं. तो बाईच्या आवाजात बोलायचा, म्हणून मिलमध्ये त्याचं नाव 'बेन' पडलं.

बेनला अहिराणी येत नव्हती. ती शिकवायचं काम वाल्मिकवर आलं. बॉटवाल्या कंपनीकडून हर्षदा नावाची मराठी मुलगी यायची. तिच्याशेजारी बसून तीन महिने तो शब्द सांगत राहिला. आपण आता एसीत बसतो, हे त्याने घरी बायकोला कौतुकाने सांगितलं. रंजनाने भाकरी थापता थापता विचारलं, शिकवून झाल्यावर तुमचं काय काम उरणार? तो नुसता हसला.

मग त्याने कारागिरांना बेनशी बोलायला शिकवलं. बोलणं संपलं की पडद्यावर गुजरातीत एक ओळ यायची. बरोबर असेल तर एक दाबायचा. अर्ध्या जणांना ती वाचता येत नव्हती. त्यांना वाल्मिक म्हणायचा, "बिनधास्त एक दाबा. मी शिकवलंय तिला."

दिवाळीच्या घाईत भटूच्या मशीनमधून चार हजार मीटर कापड लालसर निघालं. भटू वाल्मिकच्याच गावाकडचा, हाताला चोख. रंग तोलून द्यायचं खातं वेगळं होतं आणि चूक तिथली होती. चालू मशीनच्या आवाजात भटू मोबाइलवर ओरडून बोलला, "लाल जास्त पडना, मी नही टाका." म्हणजे लाल जास्त पडला, पण मी टाकला नाही. बेनने त्यातलं 'नही' गाळलं. भटूने एक दाबला.

नोंद चढली: लाल रंग कारागिराने जास्त टाकला. लॉट परत आला आणि छोट्या शेठने भटूला त्याच दिवशी घरी पाठवलं.

वाल्मिकने हर्षदाकडून ते बोलणं काढून घेतलं आणि कानाला लावून चार वेळा ऐकलं. घरघरीच्या मागे 'नही' स्वच्छ होतं. हर्षदा म्हणाली, जुनी नोंद पुसता येत नाही, पण तिला जोडून दुरुस्तीची नवी नोंद चढवता येते. दर नोंदीला फी पडते, आणि ब्लॉकचेनच्या जाळ्यावर गर्दी असली की फी वाढते. आज दीडशेच्या आसपास आहे.

छोटे शेठ म्हणाले, फी उतरू दे, मग बघू. फी दोन दिवसांनी उतरली, परत चढली, परत उतरली. वाल्मिक रोज विचारायचा आणि रोज उद्यावर जायचं. नवव्या दिवशी त्याने स्वतःच्या खिशातून दीडशे रुपये काढून टेबलावर ठेवले.

छोट्या शेठने नोटा त्याच्याकडे परत सरकवल्या. आवाज न चढवता ते म्हणाले, "वाल्मिकभाई, वात दोढसोनी नथी, प्रश्न दीडशेचा नाही. एक दुरुस्ती चढली की गिऱ्हाईक विचारणार, रंग कोणी तोलला? मग मागचे सगळे लॉट उघडणार. एका माणसासाठी मिल बंद पाडू का?"

वाल्मिकने नोटा उचलल्या. गिऱ्हाइकाला कळवायला हवं, हे त्याला जिना उतरतानाच सुचलं होतं. पत्ता हर्षदाने दिलाही असता. पण घराचं भाडं, मुलाची, चेतनची, कॉलेजची फी आणि आपली बावन्न वर्षं डोळ्यांपुढे आली, आणि त्याने विचारलं नाही.

रविवारी तो भटूच्या खोलीवर गेला. दारात भटूची बायको छाया उभी होती. घरात नाहीत, म्हणाली. आतून भटूचा खोकला ऐकू आला. दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं. मग तिनेच विचारलं, "भाऊ, तुम्ही तर तिला शिकाडं ना?"

तो आल्या पावली परत फिरला.

भटूला पुढे कुणी मशीनवर उभं केलं नाही. तो कामरेजला गोदामात गाठी उचलतो, असं कुणीतरी सांगितलं. जानेवारीत वाल्मिकला फाटकावर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. पगार निम्म्याहून थोडा वर. रंजनाने एका शब्दानेही टोचलं नाही. घरी आता ती नि चेतन काहीबाही बोलत असतात. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. जेवायला हाक मारली तर उठतो, आणि नाही मारली तर तसाच झोपून जातो.