संयुक्त विद्यमाने

नागोरावांना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते जवळच्या अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावरची नोकरी सांगत नसत. दिवसभर गोदामात बसून सिमेंट आणि सळयांच्या नोंदी ठेवायच्या, तो पोटाचा धंदा. "बोईसरच्या सार्वजनिक वाचनालयाचा चिटणीस," असं ते सांगत, आणि सांगताना छाती जराशी पुढे येई. परभणीकडचा माणूस. पासष्ट साली ट्रंक आणि बायको घेऊन इथे उतरला, तेव्हा समुद्र कसा असतो तेही त्याने पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत गावाला त्याच्यावाचून सभा भरवता येईना.

कार्यक्रम ठरवावा तर नागोरावांनीच. वक्त्याला स्टेशनवरून कोण आणेल, हार कोण घालेल, आभार किती मिनिटांचे, सगळं डायरीत आधी लिहिलेलं. आणि प्रत्येक हस्तपत्रकावर त्यांचे आवडते दोन शब्द ठरलेले: संयुक्त विद्यमाने. कधी भजनी मंडळ आणि वाचनालय, कधी तालीम आणि वाचनालय. जागा त्यांची, सतरंज्या त्यांच्या, चहा त्यांचा आणि वक्ता आपला, याला नागोराव संयुक्त विद्यमाने म्हणत. कुणाची तक्रार नव्हती, कारण कार्यक्रम नीट होत.

सदुसष्टच्या जानेवारीत किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या रत्नाबाई वाचनालयाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. बोईसरच्या बाजारात त्यांची मासळीची जागा होती, आणि गावात त्यांनी बायकांचं मंडळ काढलं होतं. टोपली त्यांनी रस्त्यापलीकडे ठेवली होती. वास आत जाऊ नये म्हणून.

"भाऊ, तुमी गावोगाव पुस्तकांची पेटी देता म्हणं. आमच्या दांडीला द्या. पोरी सातवी शिकल्या नि घरी बसल्यात. मासली बांधायचे कागद वाचतात. गोष्ट अर्धी ऱ्हाते."

नागोराव म्हणाले, समितीपुढे ठेवतो.

ठेवलंही. पण कसं ठेवलं, ते नोंदवहीत सापडणार नाही. "पेटी परत आली की बोंबील वाळत घातल्यासारखी पुस्तकं वाळत घालावी लागतील," असं ते म्हणाले आणि समिती खो खो हसली. मग अध्यक्ष म्हणाले, अगदीच नाही कसं म्हणायचं? तेव्हा नागोरावांनीच तोड काढली. दांडीत एक व्याख्यान ठेवू, त्यांच्या मंडळाच्या आणि आपल्या संयुक्त विद्यमाने. दोनशे माणसं आली तर गावाला वाचनाची गोडी आहे असं समजू आणि पेटी देऊ. नाही आली तर प्रश्न मिटला. ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढच्या रविवारी सायकल हाणत ते दांडीला गेले. रत्नाबाईंनी अट ऐकली आणि मान डोलावली. मंडप आम्ही घालतो, बसायला चटया आमच्या, पाहुण्यांचं जेवण माझ्या घरी. सगळं कबूल.

"दिवस पौर्णिमेचा धरलाय," नागोराव म्हणाले. "संध्याकाळी पाचला सुरुवात. परतीच्या वाटेला चांदणं मिळेल."

"पुनव नको, भाऊ. पुनवेला उधाण. आमचे बाप्ये सगले दर्यात असतात. आठ दिवसांनी भांग येतो, पानी थंडावतं, होड्या किनाऱ्याला. तवा ठेवा. दोनशे काय, तीनशे माणूस आनते."

दोनदा सांगितलं तिने. नागोरावांना ऐकू आलं होतं, समजलंही होतं. पण मुंबईच्या प्राध्यापकांना पत्र आधीच गेलं होतं आणि "कळविण्यास दिलगीर आहे" असं दुसरं पत्र लिहिणं त्यांच्या जिवावर आलं होतं. एका मासळीवालीच्या सांगण्यावरून बोईसरच्या चिटणीसाने तारीख फिरवायची? आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. माणसं नाही आली तर नाही आली. पेटी कपाटात राहील, बिनवासाची.

"बघतो," ते म्हणाले. बघितलं काहीच नाही. आठवड्याने हस्तपत्रकं छापून आली, त्यावर पौर्णिमाच होती. त्यातली पन्नास त्यांनी रत्नाबाईंच्या हातात दिली. तिने तारीख वाचली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कागद कोरड्या फडक्यात गुंडाळून घेतले.

पौर्णिमेला प्राध्यापक आले. त्यांना आणि समितीच्या चौघांना घेऊन टांगा दांडीला पोचला, तेव्हा नागोरावांच्या ओठावर समजूत घालणारी वाक्यं तयार होती. खेड्यापाड्यांत असंच असतं साहेब, आपण पेरत राहायचं, वगैरे. पण मंडपाशी येऊन बघतात तो आत पाय ठेवायला जागा नाही. पुढे पोरी, मग बाया आणि मागे पुरुष. धडधाकट, काळेभोर, धुतलेले सदरे घातलेले पुरुष. दोनशे कसले, चारशे असतील.

हरभऱ्याच्या झाडावर चढायला नागोरावांना शिडी लागत नसे. "जीवनात ग्रंथांचे स्थान" हे व्याख्यान तासभर चाललं. मग ते आभाराला उठले. "काही जणांनी आम्हाला पौर्णिमा टाळा असं सुचवलं होतं," इथपर्यंत वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "मुहूर्त साधण्याची एक विद्या असते. पौर्णिमेचा दिवस आम्ही विचारपूर्वक निवडला, आणि त्याचं फळ आपल्यासमोर बसलं आहे." टाळ्या वाजल्या. समितीने जास्त वाजवल्या.

सभा सुटली. प्राध्यापक मोकळे गृहस्थ होते, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या देवू तांडेलाजवळ जाऊन बसले. देवूच्या दोन होड्या होत्या.

"काय तांडेल, आज मासळी कशी काय मिळाली?"

"आज कुठली मासली, सायब? होड्या वाळूवर हायत."

"का बरं?"

"शिडं ही काय तुमच्या डोक्यावर." देवूने वर बोट केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. मंडपाचं छत म्हणजे होड्यांची शिडं होती, एकाला एक शिवलेली, ठिगळांची. "पंधरा दिसांत मासलीचे चार दिस खरे, नि त्यात पुनवेचा मोठा. पुनवेच्या उधाणाला होडी घरी बसली, असं माज्या बापाच्या काळातबी झालं नाय. पर रत्ना म्हंगाली, कागदावर आपल्या गावाचं नाव छापलंय, मांडव रिकामा ऱ्हायला तर पेटी जाईल. मंग काय करता?"

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. "मग हा दिवस ठरवला कुणी?" त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी नागोरावांकडे पाहिलं. समितीने पाहिलं. आत्ताच तर त्यांनी विचारपूर्वक निवडल्याचं सांगितलं होतं.

चारशे माणसांची एका दिवसाची भाकरी आपण छताला टांगली आणि वर तिच्यावरच भाषण ठोकलं, हे नागोरावांना त्या क्षणी लख्ख दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं: मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तेवढंच.

ते बोलायच्या आत रत्नाबाई पुढे झाल्या. "त्यांना कसं ठावं असनार, सायब? भाऊ घाटावरचे. उधाण-भांग आमी सांगायचं होतं. आमच्याच बाया सांगायला इसरल्या."

सगळे पुन्हा नागोरावांकडे वळले.

"हो," नागोराव म्हणाले. "मला कल्पना नव्हती."

झालं. अध्यक्षांनी मान हलवली, पुढच्या वेळी सांगत चला, म्हणून रत्नाबाईंना सौम्य शब्दांत समज दिली. तिने ती खाली मान घालून ऐकून घेतली. मग तिच्याच घरी सगळे जेवले. तिने नागोरावांना आग्रह करकरून वाढलं आणि त्यांना एकेक घास विषासारखा लागला.

घरी सुगंधाबाईंनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? चांगला झाला, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायकोला सांगता येईना, असं त्यांच्या संसारात पहिल्यांदाच घडलं. गोदामात नोंदी चुकू लागल्या. समितीच्या बैठकीत पेटीचा ठराव झाला, आणि अध्यक्षांच्या सांगण्यावरून त्यांनी अहवालात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं की स्थानिक मंडळाने तिथीबाबत वेळेवर सूचना दिली नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना आता कळलं.

पंधरा दिवसांनी पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून ते एकटेच दांडीला गेले. वाटभर वाक्य घोकत गेले. रत्नाबाई ओट्यावर बसून मासळी निवडत होत्या. नागोरावांनी पेटी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "रत्नाबाई, तुम्ही मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

"ठावं हाय की," ती म्हणाली. हातातलं काम थांबलं नाही.

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

तिने तेव्हा वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर नागोरावांना बरं वाटलं असतं. राग नव्हता, मायाही नव्हती.

"तुमी सगल्यांम्होरं उघडे पडला असता, तर पेटी कोन देनार होतं, भाऊ? पेटीचा कागद तर तुमच्याच हातचा."

इतके दिवस नागोराव समजत होते की बाईने मोठ्या मनाने आपल्याला सांभाळून घेतलं. ती त्यांना सांभाळत नव्हतीच. चार दिसांतला एक दिस दिला, तसाच तिने आपला खरेपणाही देऊन टाकला होता, पुस्तकांसाठी. तिने त्यांना नीट ओळखलं होतं, हे त्यांना आता उमगलं.

गल्लीतून पाच-सहा पोरी पेटी बघायला धावत आल्या. नागोराव वाटेतच उभे होते.

"जरा बाजूला व्हा, भाऊ," रत्नाबाई म्हणाल्या.

ते बाजूला झाले.