लॅमिनेट केलेला निकाल आणि आमच्या जमिलाआपा

ॲडव्होकेट जमिलाआपा मुकादम पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात मी लिहावं असं संपादकांना वाटलं, हा माझा बहुमान आहे. आपांच्या हाताखाली पनवेलच्या कोर्टात तयार झालेले, माझ्याहून हुशार असे पुष्कळ वकील आहेत. पण आपांना माझ्याइतका मनस्ताप दुसऱ्या कुणी दिला नसेल. त्यामुळे अधिकारवाणीने लिहू शकेन ती मीच.

मुलं मोठी झाल्यावर, चाळिशीत सनद घेऊन मी त्यांच्या कचेरीत गेले. बाजारपेठेत औषधांच्या दुकानावरची ती दीड खोली. बाकावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांच्या लेकीच्या तलाकचा दुबईच्या कोर्टातला निकाल आला होता. आपांनी त्याचा इंग्रजी तर्जुमा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खालांना मराठीत वाचून दाखव." मी 'उपरोक्त प्रतिवादीने' वगैरे दणक्यात सुरू केलं. पानभर झाल्यावर आपांनी विचारलं, "खाला, काय समजलं?"

"हिचा आवाज चांगला हाय," खाला म्हणाल्या.

आपा हसल्या नाहीत. "पुन्हा वाच," म्हणाल्या. "आता त्यांच्यासाठी वाच." घामाघूम होत मी साध्या मराठीत वाचलं. खालांचे डोळे भरून आले, आणि मला नोकरी मिळाली.

पनवेल-उरणकडची माणसं नोकरीसाठी कुठे कुठे गेलेली असतात. लग्न इथे लागतं, संसार तिकडे होतो, तिकडेच मोडतो, आणि मोडल्याचा कागद तेवढा इथे येतो. तो कागद इथे कोणी मानायला तयार नसतं. आपांची निम्मी वकिली अशा कागदांची. त्यांचा नियम एकच: निकाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घरच्यांना मराठीत वाचून दाखवायचा, मगच दाव्याचा मसुदा करायचा. मला हा वेळेचा अपव्यय वाटे. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. हर्षदाच्या केसने माझं तोंड कायमचं बंद केलं.

हर्षदा उरणच्या कोळीवाड्यातली. लग्न करून अमेरिकेला न्यू जर्सीत गेली, छळ सोसला, तिथल्याच कोर्टातून घटस्फोट घेतला आणि परत आली. पुढे गव्हाणच्या प्रशांतशी तिचं जमलं. तो न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर. पत्रिका छापून झाल्या आणि पहिल्या नवऱ्याची नोटीस आली. अमेरिकेचा निकाल एकतर्फी आहे, मला समन्सच मिळालं नाही, ती अजून माझी कायदेशीर बायको आहे, लग्न केलं तर फौजदारी करीन. प्रशांतच्या वडिलांनी लग्न थांबवलं. इथल्या कोर्टाचा शिक्का आणा, मग तारीख धरू, असं म्हणाले. हर्षदा आणि तिची आई चंद्राबाई आपांकडे आल्या त्या या अवस्थेत.

परदेशातला घटस्फोट इथे टिकायचा तर तिथल्या कोर्टाने दोन्ही बाजू ऐकून निर्णय दिलेला असावा लागतो आणि कारणही आपल्या विवाह कायद्यात बसणारं असावं लागतं. कारण क्रूरतेचं होतं, ते बसत होतं. प्रश्न होता नवरा तिथे हजर होता का, याचा. हर्षदा सांगत होती, होता. पण तिच्या सांगण्याला पुरावा कोण म्हणणार?

आपांनी नेहमीप्रमाणे मला वाचायला बसवलं. नवव्या पानावर मी वाचत होते, "पतीने आपल्या साक्षीत तक्रार केली की पत्नी घरात सुके बोंबील तळते आणि त्याचा वास भिंतींत बसतो."

चंद्राबाई ताडकन उठल्या. "बोंबलाचा वास? आनि याची आई बाजारात काय इकते, अत्तर?"

"बसा, बाय," आपा म्हणाल्या. "रागवू नका. तिथे साक्ष देऊन त्याने आपलं काम करून ठेवलंय." दावा उभा राहिला तो त्या पानावर.

आता माझा पराक्रम. आपल्याकडे जपायचा कागद म्हटला की लोक तो लॅमिनेट करतात. दहावीचं मार्कशीट, जातीचा दाखला, बाळाचा जन्मदाखला, सगळं प्लास्टिकमध्ये. निकालाची ती अस्सल प्रमाणित प्रत, फीत ओवलेली, पाठीमागे अमेरिकन सरकारचं प्रमाणपत्र जोडलेलं. खाडीच्या दमट हवेत ती खराब होईल या काळजीने मी ती एस.टी. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली, फीत सोडली, पानं सुटी केली आणि एकेक पान चकचकीत लॅमिनेट करून आणलं. वर कौतुकाने फायलीत लावलं. आपा त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होत्या.

पुराव्याच्या दिवशी समोरच्या वकिलांनी एक पान उजेडात धरलं. उठावाचा शिक्का प्लास्टिकखाली चेपलेला. पानं एकाच निकालाची हे सांगणारी फीत गायब. हा प्रमाणित दस्तऐवज कसा मानायचा, त्यांनी विचारलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठणार तोच आपांनी माझा हात दाबला आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"दस्तऐवज बिघडला आहे, हे मला मान्य आहे. ही चूक माझ्या कचेरीची आहे, पक्षकाराची नाही. नवी प्रत मागवायला मुदत द्यावी."

त्यांनी सबब सांगितली नाही, कुणाचं नावही घेतलं नाही. मुदत मिळाली. बाहेर व्हरांड्यात मात्र चंद्राबाईंनी आपांना धरलं. "तुमी येवऱ्या शिकल्याल्या, तुमाला येवरं कलत नाय? माज्या पोरीचा लगीन मोरला तर?" चार वकील, दोन शिपाई बघत होते. आपा मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "बाय, तुमचं बरोबर आहे."

कचेरीत आल्यावर मी रडतच म्हटलं, "मी जाऊन त्यांना खरं सांगते." आपा म्हणाल्या, "पाटीवर नाव कुणाचं आहे? मग? तू न्यू जर्सीला पत्र लिहायला घे." मी लिहायला घेतलं. मसुद्यात तीन चुका निघाल्या, त्याबद्दल मात्र त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं.

नवी प्रत यायला काही महिने लागणार होते. तेवढ्यात लग्न मोडेल ही भीती होतीच. एका रविवारी आपा रिक्षा करून गव्हाणला प्रशांतच्या घरी गेल्या. मी सोबत होते. एवढ्या मोठ्या वकील दारात आलेल्या बघून घरातली माणसं गडबडून गेली. आपा प्रशांतच्या वडिलांना म्हणाल्या, "मुलगी मोकळीच आहे. कागद माझ्याकडून लांबला. माझ्या चुकीची सजा तिला देऊ नका." त्यांनी आधी आमच्यापुढे चहा ठेवायला लावला. मग म्हणाले, "तुमी आलाव, आमी थांबतो." परत येताना आपा रिक्षात डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या मनावर केवढं ओझं होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते मीच ठेवलेलं होतं.

प्रत आली. मी तिला टाचणीदेखील लावली नाही. मग साक्षीसाठी पनवेलला आलेल्या पहिल्या नवऱ्याची उलटतपासणी झाली. अमेरिकेच्या कोर्टात मी कधी पाऊल ठेवलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. आपांनी अगदी मायेने विचारलं, "तुम्हाला बोंबील आवडत नाहीत, असं ऐकलं. खरं का?"

"प्रश्न आवडीचा नाही. वास जात नाही घरातून. मी तेव्हाही जजना हेच सांगितलं की..."

तो थांबला, पण उशीर झाला होता. आपा म्हणाल्या, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसल्या. न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहून उत्तर शब्दशः उतरवून घ्यायला सांगितलं.

निकाल हर्षदाच्या बाजूने लागला. न्यू जर्सीचा घटस्फोट इथेही वैध आहे, पहिलं लग्न संपलेलं आहे, असं पनवेलच्या कोर्टाने जाहीर केलं. हर्षदाने व्हरांड्यात विचारलं, "आपा, आता कुनी इचारलं तर काय सांगू?" आपा म्हणाल्या, "काही सांगू नकोस. लग्नाला बोलाव." गव्हाणला लग्न झालं आणि आपा पहिल्या रांगेत बसल्या. आज हर्षदाला एक मुलगी आहे.

चंद्राबाई अजून आपांसाठी पापलेट घेऊन येतात आणि अजून, प्रेमाने का होईना, त्यांना टोमणा मारतात, "वकील चांगल्या, पन कागूद सांभालता येत नाय." आपा हसतात. खरं काय ते त्यांनी आजवर सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. म्हणून ते मी इथे छापील अक्षरांत, सगळ्यांसमोर सांगते. चंद्राबाई, ती फीत मी सोडली होती. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही जे बोललात ते मला बोलायला हवं होतं.

आपांना ठणठणीत तब्येतीचं भरपूर आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि जीभ अशीच तल्लख राहो. आणि यापुढे तरी माझ्या वाटची बोलणी त्यांना खावी लागू नयेत.