सात मजली पांढरी खूण

जिनोआला लेकीकडे येऊन आठ दिवस झाले, तरी पाच वर्षांची नात माझ्याजवळ फिरकत नव्हती. मराठीतलं तिला सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते इटालियन. मी जवळ घ्यायला गेले की ही सोफ्यामागे. तेलंगणातल्या गुडीहत्नूरहून एवढा आटापिटा करून आले आणि पोरगी मला पाहुणी समजून राह्यली! फार लागलं मनाला.

शेवटी लेकीला म्हटलं, "उद्या शाळेतून तिला मीच आणते."

"आई, फोनवर नकाशा लावून देऊ का?"

"मले नकाशा शिकवते काय? तीस वर्षं भूगोल शिकवला मी!"

खरं सांगायचं तर आमच्याकडे रस्ता खुणांनीच सापडतो. चक्कीपाशी वळा, चिंचेपाशी थांबा, झालं. लेकीसोबत एकदा जाऊन मी खुणा पाठ केल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च, त्याच्या पायऱ्यांवर दगडी सिंह. तिथून उतरत गेलं की मासळीवाला. त्याच्यापुढे पाच चिंचोळ्या गल्ल्या फुटतात आणि वर दोरीवर सगळ्यांच्या चादरी वाळत असतात. त्यातल्या ज्या गल्लीच्या टोकाला सात मजली पांढरी इमारत दिसते, ती शाळेची.

दुसऱ्या दिवशी मी अगदी ऐटीत निघाले. सिंहाला हात लावला, मासळीवाल्यापाशी आले आणि गल्ल्यांत डोकावले. इमारत नाही! पाचही गल्ल्या पाहिल्या, परत पाहिल्या. गॅलऱ्या, खिडक्या, सात मजले, सगळं गायब. अव माय, काल तर होती! रातोरात पाडली म्हणावं तर विटेचा तुकडा नाही.

बाहेरचा माणूस दिसला की आम्ही हिंदीवर येतो. मासळीवाल्याला म्हटलं, "भैया, वो सफेद बिल्डिंग किधर गई?" त्याने एक मासा उचलून दाखवला. घाबरून मी तेलुगूत विचारलं, जसं काही तेलुगू त्याला येणारच होतं. मग आठवलं, पर्समध्ये खडू आहे. रिटायर झाले तरी तो सुटला नाही. मासळीचे भाव लिहिलेल्या त्याच्या काळ्या पाटीचा कोपरा पदराने पुसला आणि इमारत काढली, सातही मजले मोजून.

त्याने चित्र पाहिलं, माझ्या हातातून खडू घेतला, खाली तीन लाटा काढल्या, वर धुराडं. आणि समुद्राकडे हात हलवून टाटा केला.

जहाज! दरवर्षी फळ्यावर मी हेच जहाज काढायची, धुराड्यासकट. गल्लीच्या टोकाला बंदरात खरं उभं राहिलं तर मी त्याला इमारत समजले! मला असं हसू फुटलं की शेवटी मासळीच्या खोक्यावर बसावं लागलं. तोही पोट धरून हसत होता.

तेवढ्यात चर्चच्या घंटेने चारचे टोले दिले. शाळा सुटली! एवढं हट्टानं मागून घेतलेलं काम, आणि पोर दारात एकटी. घाईघाईने पाटीवर दोन वेण्यांची मुलगी काढली, पाठीवर दप्तर. त्याने दुकान तसंच सोडलं आणि मला चौथ्या गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. नऊवारी असती तर कासोटा खोचून पळाले असते, पाचवारी मुठीत धरून पळाले.

बाकी पोरं गेली होती. बाईंशेजारी नात बसली होती, ओठ काढून.

"अगं, मी नाही उशीर केला," मी धापा टाकत म्हटलं, "ती इमारतच समुद्रात निघून गेली!"

सगळी कथा हातवारे करून सांगितली. ऐकता ऐकता तिने ओठ आत घेतले. मग खुदकन हसली, मग खदखदून हसली, आणि माझेच डोळे वाहायला लागले. तिने फ्रॉकच्या टोकाने ते पुसले.

"काऊन रडून राह्यली, आजी?"

लेक तर घरात पुस्तकी मराठी बोलते. ही बोली पोरीने माझ्याच गावाकडच्या फोनवरच्या गप्पांतून उचलली होती, सोफ्यामागे बसून.

माझं बोट धरून तीच मला घरी घेऊन निघाली. चर्चपाशी थांबली, सिंहाच्या पंजावर माझा हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, हा कुठंच जात नाही."