आधी काका बसणार

बेसा या आमच्या वस्तीत शेजारी राहणाऱ्या काकांइतका संशयी आणि तरीही बेधडक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हवाई दलात त्यांचं कामच तसं होतं. देशात नवं लढाऊ विमान तयार झालं की ते पहिल्यांदा आकाशात न्यायचं, काय मोडतंय ते पाहायचं आणि जमलंच तर परत यायचं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण स्कूटरला किल्ली लावण्याआधी हा गृहस्थ अजूनही तिच्याभोवती फेरी मारून टायर दाबून पाहतो. रिक्षात बसायचं तरी तेच. रिक्षावाला वैतागलेला आणि काका चाकापाशी वाकलेले. आम्ही घरात नवा झोपाळा टांगला, तेव्हा "थांबा, आधी मी," म्हणत ते त्यावर बसले आणि हुकासकट जमिनीवर आले. पडल्यापडल्या छताकडे बघत समाधानानं म्हणाले, "बरं झालं गा. आता हूक बदल."

काकूंना अर्धांगवायू झाला आणि त्या पुन्हा चालतील याची खात्री डॉक्टरही देईनात, तेव्हा काकांनी हाच हेका धरला. पहिल्या दिवशी नुसतं उभं राहायचं! "नवं विमान बी पहिल्या दिवशी उडवत नाहीत, नुसतं धावपट्टीवर फिरवतात. काहून घाई करून राहिली वं?" काकू रडत, चिडत, काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. काका ढिम्म. पुढे पावलं पडू लागली, तरी त्यांनी काकूंना आपला हात म्हणून धरू दिला नाही. नव्या विमानाच्या शेजारून म्हणे दुसरं विमान उडतं आणि फक्त लक्ष ठेवतं. तसे हे वीतभर अंतर राखून, दोन्ही हात पुढे करून काकूंच्या बाजूनं चालत. मला तर संताप यायचा. बिचारीला जरा धरलं तर काय बिघडतं?

परवा सकाळी काकू कुणाच्याही आधाराशिवाय अंगण ओलांडून फाटकापर्यंत आल्या. मी आमच्या ओट्यावरून टाळ्याच वाजवल्या. फाटक घट्ट धरून त्या काकांना म्हणाल्या, "आता तुमी बसा जी. तुमचेच पाय लटपटून राहिले."

काका खरंच तिथल्या कठड्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "मी नवं विमान घेऊन वर गेलो का तू घरी काय करत राहे वं?"

"काय करीन? पोळ्या," काकू म्हणाल्या. "तुमच्या वाट्याच्या बी."

काकांनी पहिल्यांदाच काकूंचा हात धरला आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं.